शेहेचाळीस वेली

आमच्या मुलीनं ऑस्ट्रेलियातल्या एका द्राक्षबागेत नऊ दिवस चांगलं काम केलं आणि दहाव्या दिवशी, माझ्या सांगण्यावरून, शेहेचाळीस वेली बिघडवल्या. आकडा बरोबर आहे. तिनं मोजला, तिच्यावरच्या मुकादमानं मोजला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बागेच्या व्यवस्थापक बाईंनी ओळीतून चालत जाऊन पुन्हा मोजला.

मी सरकारी मोजणी खात्यात आहे. लोकांच्या शेताच्या हद्दी मोजून देणं हे माझं काम. चोवीस वर्षं झाली. बेंबळी गावाच्या पुढं आमची दोन एकर द्राक्षबाग आहे, ती लावून एकोणीस वर्षं झाली. या दोन्ही कामांत मी आकड्याला पक्का आहे अशी माझी ख्याती होती, आणि मलाही ती खरी वाटत होती.

मुलगी सत्तावीस वर्षांची. पुण्यात एका कंपनीत चार वर्षं नोकरी केली. तिला फिरायचं होतं. आठ दिवसांची सहल नव्हे, वर्ष-दीड वर्ष. तेवढे पैसे तिच्याकडं नव्हते आणि मी देणार नव्हतो. मग तिनंच शोधून काढलं की ऑस्ट्रेलियाचा एक व्हिसा आहे, तिशीपर्यंतच्या मुलांसाठी. वर्षभर राहायचं, फिरायचं, आणि खर्च भागवायला मिळेल ते काम करायचं. अर्ज पुष्कळ येतात म्हणून चिठ्ठ्या काढतात. तिची चिठ्ठी निघाली.

"म्हणजे तिकडं जाऊन मजुरी करायची, आन् मजुरीच्या पैशात फिरायचं," तिची आई म्हणाली. "मग नोकरी काय वाईट होती?"

"नोकरीत पैसे मिळतात, आई. सुट्टी मिळत नाही."

"आन् मजुरीत?"

"मजुरी संपते. हंगाम संपला की मी मोकळी."

तिचा बेत असा होता : तीन महिने काम, दोन महिने फिरणं, पुन्हा काम, पुन्हा फिरणं. मी एकच अट घातली. परतीच्या तिकिटाचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवायचे, त्यांना हात लावायचा नाही. बाकीचे पैसे पाच आठवडे पुरतील असा माझा हिशोब होता. ते संपेपर्यंत टिकाऊ काम लागलं नाही तर त्याच दिवशी तिकीट काढायचं. ती हो म्हणाली. आमच्या घरात हो म्हटलं की ते हो असतं. म्हणून तर मला धास्ती होती.

कुठलं काम मिळेल याचा विचार करताना माझ्या लक्षात आलं की तिकडं द्राक्षबागा भरपूर आहेत, आणि ती जाणार तेव्हा तिकडं हिवाळा, म्हणजे छाटणीचा हंगाम. आमच्याकडं एप्रिलमध्ये खरड छाटणी असते. मी म्हटलं, सुट्टी घेऊन ये आणि शीक. ती बावीस दिवस राहिली.

द्राक्षाचं ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी एवढं सांगतो. आपल्याकडं वेल वर्षातून दोनदा छाटतात. फळ उतरलं की एप्रिलमध्ये खरड छाटणी : सगळ्या काड्या बुडाशी एखादा डोळा ठेवून कापून टाकायच्या. डोळा म्हणजे जिथून नवी फूट येते ती जागा. उन्हाळ्यात नव्या काड्या येतात. मग ऑक्टोबरमध्ये त्या काड्या काही डोळे राखून पुन्हा छाटतात, आणि फळ लागतं ते या दुसऱ्या छाटणीनंतर. तारेवर दोन्ही बाजूंना वेलीचे जे कायमचे जाड हात पसरलेले असतात त्यांना ओलांडा म्हणतात. खरड छाटणीत सगळं गेलं तरी ओलांडा राहतो, आणि फूट त्याच्यावरून येते.

आमच्या छाटणीच्या टोळीचा मुकादम मुलीला कात्री घेऊन उभी बघून म्हणाला, "ताई, पुण्याची नोकरी सुटली व्हय?"

"सोडली. ऑस्ट्रेलियात छाटणीला जाणार आहे."

तो माझ्याकडं वळला. "साहेब, इथं आमाला छाटणीला मानसं मिळनात, आन् तुमी घरची पोरगी तिकडं धाडताय? वेलीमागं काय देत्यात तिकडं?"

मी सांगितलं. त्यानं कात्री खिशात घातली. "मग मीबी येतो की. चिठ्ठी कुठं टाकायची?"

"तिशीच्या आतला पाहिजेस."

"मी कागदावर तिशीच्या आतलाच हाय," तो म्हणाला आणि सगळी टोळी हसली.

मी घड्याळ घेऊन तिच्या मागं उभा राहत असे. पहिल्या दिवशी तासाला सात वेली झाल्या. बाविसाव्या दिवशी एकोणीस. मुकादमानं तिच्या हातचा काप तपासून मान डोलवली. मला समाधान वाटलं.

मेच्या शेवटी ती गेली. पुढचे तेवीस दिवस माझ्या आयुष्यातले फार वाईट दिवस होते, असं मी तेव्हा म्हणालो असतो.

तिनं त्रेपन्न ठिकाणी विचारलं. बहुतेक जण पहिला प्रश्न विचारायचे, गाडी आहे का. बागा गावापासून वीस-तीस किलोमीटरवर आणि तिकडं आपल्यासारख्या वडापच्या जीपा नाहीत. गाडी नाही म्हटलं की बोलणं संपलं. एकानं, काम पुढच्या आठवड्यात आहे पण खोलीचं भाडं आत्ता भर, असं सांगितलं. तिनं आधी बाग दाखवा म्हटल्यावर त्याचे निरोप बंद झाले. एका रस्त्यावरच्या हॉटेलात तिनं सहा दिवस भांडी घासली. सातव्या दिवशी ज्याचं काम ती करत होती तो आजारातून बरा होऊन परत आला. तिकडं सकाळी थंडी तीन अंशांवर जात होती आणि तिच्याकडं पुण्यातला स्वेटर होता.

ती रोज त्यांच्या दुपारी बाराला फोन करायची. वेळेत चार तासांचा फरक, म्हणजे आमचे सकाळचे आठ. मी त्या वेळी बागेत असतो. ती सांगायची, मी विचारायचो. पैसे किती उरले हे ती न विचारता सांगायची.

चोविसाव्या दिवशी वसतिगृहात तिच्या शेजारच्या खाटेवर आलेल्या एका मुलीकडं गाडी होती, आणि त्या मुलीला एका बागेत छाटणीच्या टोळीत जागा असल्याचं कळलं होतं. दोघी गेल्या. मुकादमानं विचारलं, आधी केलंय का. हिनं मोबाइलमधला आमच्या बागेतला फोटो दाखवला. त्यानं कात्री हातात दिली आणि एक वेल छाटायला सांगितली. झालं, काम मिळालं.

त्या पहिल्या तुकड्यात वेलींना ओलांडा होता. प्रत्येक काडी दोन डोळे ठेवून कापायची. आमच्या खरडीसारखंच. नऊ दिवस तिनं ते केलं. मी गावात चार जणांना सांगितलं की आपली खरड तिकडंही चालते. बरोबर सांगितलं, पण जास्त सांगितलं.

तरी एक काळजी होती. टोळीत अकरा जण होते आणि दर शुक्रवारी सगळ्यात हळू चालणाऱ्याला सोमवारपासून येऊ नको म्हणून सांगत. पहिल्या शुक्रवारी एक जण गेला. मुलगी खालून तिसरी होती. तिच्याकडं खर्चाला अकरा दिवसांचे पैसे उरले होते. पहिल्या आठवड्याची मजुरी खात्यात यायची होती. काम गेलं असतं तर माझ्याच अटीनं, दोन आठवड्यांच्या आत ती परतीच्या विमानात बसली असती. तिनं त्या देशात तोवर पाहिलं काय होतं, तर एक वसतिगृह, एक मोरी आणि द्राक्षाच्या ओळी.

दहावा दिवस बुधवार होता. आठला तीन मिनिटं कमी असताना फोन आला. तिनं कॅमेरा चालू केला होता. वारा होता, तिचं नाक लाल झालेलं दिसलं.

"अण्णा, आज दुसऱ्या तुकड्यात घातलंय. इथलं वेगळं आहे. मुकादमानं एक वेल करून दाखवली आणि तो पलीकडच्या टेकडीवर गेला. बघा."

तिनं फोन वेलीकडं फिरवला. आमच्याकडं ऊन चढलेलं. पडद्यावर मला माझाच चेहरा दिसत होता आणि त्याच्या मागं काही काळ्या रेघा.

"काय वेगळं आहे?"

"त्यानं सगळं कापलं, पण दोन लांब काड्या तशाच ठेवल्या. एक इकडं, एक तिकडं. तारेला गुंडाळून बांधल्या. मी तशाच चार वेली केल्या. पण कुठल्या दोन ठेवायच्या ते ठरवण्यातच वेळ जातो. एका वेलीला सात-आठ मिनिटं लागतायत."

मी लगेच भागाकार केला. तासाला आठ. आणि शुक्रवार परवावर.

"बाकीच्यांच्या किती होतात?"

"बारा-तेरा."

"लांब काड्या कशाला ठेवायच्या? फळ उतरलंय ना त्यांचं?"

"मार्चमध्येच उतरलं."

"मग ही खरड आहे. खरडीत लांब काडी ठेवत नाहीत. त्यानं नमुन्याला ठेवल्या असतील, नाहीतर शेजारची वेल मेली असेल, तिथं ओढायला. तू सगळ्या डोळ्यावर आण."

"नक्की? कारण मला वाटतंय त्या ठेवायच्याच आहेत. त्यानं बांधल्या, अण्णा."

"एकोणीस वर्षं बाग करतोय मी. आत्ता वेळ घालवू नकोस. तीन मिनिटांत एक होईल."

तिनं फोन पुन्हा स्वतःकडं वळवला. मग म्हणाली, "बरं."

तो "बरं" मला नीट ऐकू आला होता. तो मान्य असल्याचा नव्हता. मोठ्यांनी सांगितलं म्हणून ऐकल्याचा होता. पण तासाला आठवरून वीसवर जाता येईल या हिशोबात मी खूष होतो.

साडेनऊला मी येडशीकडच्या एका गावी पोचलो. दोन चुलतभावांच्या बांधाची मोजणी होती. आता साखळी नाही, उपग्रहावरून जागा दाखवणारं यंत्र असतं. त्याला रोव्हर म्हणतात. काठीवर बसवून कोपऱ्या-कोपऱ्यावर उभं करायचं. माझा नियम असा आहे की कोपरा नकाशावर बघायचा, जमिनीवर बघायचा, दोन्ही बाजूंना विचारायचं, आणि मगच खूण रोवायची. या नियमाबद्दल मी नव्या कर्मचाऱ्यांना भाषण देत असतो.

दहा पंचावन्नला खिशात फोन थरथरला. मी घेतला नाही. दोन मिनिटांनी पुन्हा. मग पुन्हा. तिकडं तीन वाजत आले होते, कामाची वेळ. कामाच्या वेळेत ती कधीच फोन करत नाही.

थोरला चुलतभाऊ म्हणाला, "साहेब, घरून हाय का? घ्या की. बांध काय पळून चाललाय?"

धाकटा म्हणाला, "ह्येंचा बांध दर साली हातभर पळतोय. म्हणून तर साहेबाला आणलंय."

"ए, तोंड सांभाळ."

"मोजणी सांभाळंल ती."

दोघांच्या मध्ये उभं राहून यंत्र सोडता येईना. मी शेवटचा कोपरा दोनदा घेतला, कारण पहिल्यांदा माझं लक्ष खिशाकडं होतं. अकरा चाळीसला बांधावरच्या बाभळीखाली जाऊन मी तिला फोन लावला.

"अण्णा, चुकलं," ती म्हणाली. आवाज रडका नव्हता. सपाट होता, ते जास्त वाईट. "त्या दोन काड्या ठेवायच्याच होत्या. फळ त्याच्यावरच येणार होतं."

"असं कसं? खरडीनंतर दुसरी छाटणी..."

"दुसरी छाटणी नसते इथं. एकच. थंडीत. हीच." आणि मग तिनं हळूहळू सांगितलं, लहान मुलाला सांगावं तसं. "आणि या वेलींना ओलांडा नाहीये, अण्णा. नुसतं खोड आहे. दर वर्षी त्या दोन काड्याच ओलांड्याचं काम करतात. मी त्या कापल्या. आता तारेवर काहीच नाही."

ओलांडा नव्हता. तिनं फोन वेलीकडं फिरवला तेव्हा पहिली गोष्ट बघायची ती हीच. मी बघितलीच नव्हती. पडद्यावर ऊन होतं हे खरं आहे, पण सावलीत जायला मला चार पावलं पडली असती.

"किती वेली?"

"शेहेचाळीस. अडीच तासांत. वेग चांगला होता," ती म्हणाली आणि एकदा हसली. ते हसणं मला अजून आवडत नाही.

"मुकादम काय म्हणाला?"

"काही नाही. कात्री मागितली. गाडीत जाऊन बस म्हणाला. उद्या सकाळी नऊला मॅनेजर बाई येणार आहेत, त्या ठरवतील."

"तू त्याला सांगितलंस का, मी सांगितलं म्हणून?"

"नाही."

"सांग. माझं नाव सांग. चूक माझी आहे."

"काय सांगू, अण्णा? कामावर असताना माझे वडील भारतातून फोनवर शिकवत होते? मग तर आजच घालवतील."

मागं दोघे भाऊ माझी वाट बघत उभे होते. मोजणीच्या कागदावर त्यांच्या सह्या व्हायच्या होत्या. सही घेताना थोरला म्हणाला, "साहेब, तुमची तब्येत बरी न्हाय वाटतं." मी उन्हावर ढकललं.

घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं, क्रमानं, काही न वगळता. ती शेंगा फोडत होती. तिनं पूर्ण ऐकून घेतलं.

"तिनं तुमाला विचारलं होतं, कसं करू?"

"हो."

"नीट आठवा. कसं करू विचारलं, का असं दिसतंय म्हणून सांगितलं?"

मी आठवलं. "सांगितलं. बांधल्यात म्हणून सांगितलं."

"मग तुमी तिथं नसताना तुमाला तिच्यापेक्षा जास्त कसं दिसलं?"

एवढं बोलून ती उठली.

मी गप्प बसायला हवं होतं. बसलो नाही. संध्याकाळपर्यंत मी मुलीला सहा निरोप पाठवले. पहिला, की खोडावरच्या बुडच्या डोळ्यांतून फूट येईल, वेली मरणार नाहीत, पुढच्या वर्षी पुन्हा काड्या मिळतील, नुकसान एका हंगामाचं आहे, हे बाईंना सांग. दुसरा, की वेलीला किती किलो माल येतो ते विचार, म्हणजे नुकसान काढता येईल. तिसरा, की तेवढे दिवस बिनपैशाचं काम करीन असं म्हण. चौथ्यात मी एक इंग्रजी मजकूर लिहिला होता, माझ्या सहीचा, की या चुकीला मी जबाबदार आहे. पाचवा, की तो मजकूर दाखवायचा की नाही ते तू ठरव. सहावा, की दाखवच.

बायकोनं खांद्यावरून डोकावून बघितलं. "पंचनामा करताय का काय?"

साडेसहाला उत्तर आलं. एकच ओळ. "अण्णा, थांबा. उद्या मीच बोलते."

त्यानंतर मी थांबलो. थांबणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. काही करता येत नाही आणि कशाचं मापही घेता येत नाही. मी अट पुन्हा मनात म्हणून पाहिली. मोडावी का? तिला सांगावं का, की काम गेलं तर पैसे मी पाठवतो, चूक माझी होती? बायकोला विचारलं. ती म्हणाली, "तुमी पाठवाल. ती घ्यायची न्हाय. तिनं हो म्हटलंय." आणि मग थोड्या वेळानं, "तुमच्यावरच गेलीय." हे कौतुक नव्हतं.

सकाळी पाचला, म्हणजे तिकडच्या नऊला, आम्ही दोघे अंगणात बसलो होतो. फोन मध्ये पाटावर. साडेपाच झाले. पावणेसहा झाले. बायकोनं चहा केला आणि तो तसाच राहिला. मी हिशोब करत होतो : शेहेचाळीस वेली बघायला वीस मिनिटं पुरतात, निर्णय सांगायला एक. मग एवढा वेळ कसला? गाडीतून तिला वसतिगृहावर सोडायला पंचवीस मिनिटं. हा आकडा बरोबर बसत होता. मला तो बसायला नको होता.

आठ वाजून दोन मिनिटांनी फोन आला. म्हणजे तिची जेवणाची सुट्टी. म्हणजे ती कामावर होती. हे मला फोन उचलायच्या आत कळलं.

"हं, बोल."

"आई आहे का?"

"आहे. ऐकतेय."

ती सांगू लागली. बाई वयानं आईएवढ्या, चिखलाच्या बुटात. त्यांनी तिला बरोबर घेतलं आणि ओळीच्या सुरुवातीपासून चालत गेल्या, तोंडानं मोजत. पहिल्या चार वेलींपाशी थांबल्या. या कुणी केल्या? हिनं सांगितलं, मी. या बरोबर आहेत, बाई म्हणाल्या. मग पुढच्या शेहेचाळीस बघितल्या. परत आल्यावर एकच प्रश्न विचारला. चार बरोबर करणाऱ्या माणसानं पाचवी चूक का केली?

"मग तू काय सांगितलंस?" मी विचारलं.

"खरं ते. घरी बाग आहे, तिथं वर्षाला दोनदा छाटतात, मी घरी फोन करून विचारलं, आणि स्वतः बघितलं होतं त्याच्यावर भरवसा ठेवला नाही. त्यांनी विचारलं, घरी कोण. मी म्हटलं, वडील."

"मग?"

"त्या म्हणाल्या, तुझ्या वडिलांनी ही वेल पाहिली आहे का? मी म्हटलं, नाही. त्या म्हणाल्या, तू पाहिली होतीस."

बायकोनं माझ्याकडं बघितलं नाही. मुद्दामच बघितलं नाही.

"काढलं का?"

"काढलं नाही. कात्री काढून घेतली. छाटणी बंद. आता ओढणीवर आहे."

ओढणी म्हणजे छाटणारे पुढं गेल्यावर तारेत अडकलेल्या काड्या हातानं ओढून काढायच्या. छाटणीत सगळ्यात हलकं धरलेलं काम. काड्या सुटताना चाबकासारख्या तोंडावर येतात. पैसे वेलीमागं नाहीत, तासाला, आणि छाटणीपेक्षा कमी. पण हळू चाललं म्हणून शुक्रवारी कुणाला काढत नाहीत, आणि हंगाम संपेपर्यंत म्हणजे आणखी सात आठवडे काम राहील, असं बाईंनी सांगितलं होतं. तिनं बेताचा नवा हिशोब मांडला होता. फिरायला दोन महिने नाही, सहा आठवडे निघतील. बिनपैशाच्या कामाचा विषय तिनं काढलाच नव्हता, माझा मजकूरही दाखवला नव्हता.

"आणि एक," ती म्हणाली. "बाईंनी सांगितलंय, फोन दिवसभर गाडीत ठेवायचा. जेवणाच्या सुट्टीतसुद्धा. आजच्या पुरता सांगायला दिलाय."

"बरोबर आहे," मी म्हणालो.

"अण्णा, मी रागावले नाहीये."

"रागाव की."

"थोडी रागावलेय."

"डोळ्याला चष्मा लावत जा ओढताना," तिची आई मध्येच म्हणाली. "तुजे अण्णा सांगायच्या आत मीच सांगते." दोघी हसल्या. मी नाही हसलो.

पुढचे सात आठवडे सकाळी आठला फोन आला नाही. तो रविवारी यायचा, बहुतेक आईच्या मोबाइलवर. गालावर ओरखडे असायचे. तेव्हा कळलं, की आधीच्या तेवीस दिवसांना मी उगाच फार वाईट म्हणत होतो. तेव्हा ती निदान मला विचारत होती.

आमच्या टोळीच्या मुकादमाला मी सगळं सांगितलं. लपवायचं कशाला? तो विचार करून म्हणाला, "साहेब, म्या असतो तरी खरडच सांगितली असती." मग म्हणाला, "पर मला तिनं विचारलं नव्हतं."

ऑगस्टच्या शेवटी हंगाम संपला. ती बसनं, रेल्वेनं, दोनदा अनोळखी कुटुंबांच्या गाडीतून किनाऱ्या-किनाऱ्यानं वर गेली. सहा आठवड्यांचे सात केले. कसे केले ते मी विचारलं नाही. फोटो यायचे. आईच्या मोबाइलवरच, पण ती मला दाखवायची.

ऑक्टोबरात आमच्याकडं छाटणी सुरू होती तेव्हा एका रविवारी फोन आला, या वेळी माझ्या मोबाइलवर. म्हणाली, दुसरं काम लागलं. लागून नऊ दिवस झाले. संत्री तोडायची. स्वतःच शोधलं, स्वतः जाऊन झाडं बघून आली, मग हो म्हटलं.

नऊ दिवस. माझ्या तोंडावर पाच प्रश्न होते. तासावर की पेटीवर, पेटी किती किलोची, शिडी कसली, देठ ठेवून तोडायचं की पिरगळून, सगळ्यात हळूला काढतात का. मी गप्प राहिलो. बहुतेक तिला ते गप्प राहणं ऐकू गेलं.

"अण्णा," ती म्हणाली, "संत्र्याचं तुम्हाला काही माहीत आहे का?"

"नाही," मी म्हणालो. "काहीच नाही."

"मग सांगते, ऐका," ती म्हणाली, आणि सांगू लागली.